देठाकडची चकती

तेर,
ता. १६ मे २०२४

चि. सौ. शिवप्रिया हिस,

थोरल्या जावेचे आशीर्वाद. अत्तींना आणि शिवानंदभाऊजींना माझा नमस्कार, शरणु शरणार्थी सांग. इकडं सगळे खुशाल. ऊन मी म्हणतंय. ह्यांचा गुडघा पुन्हा दुखतोय आणि समृद्धीचे पेपर संपल्यामुळं ती दिवसभर मोबाईल घेऊन लोळते.

तुझा निरोप गल्लीतल्या गोरोबाभाऊंनी दिला. त्यांच्या दुकानाचा फटाक्यांचा माल बघायला ते तेरखेड्याला गेले होते, तिथून जवळच वाशीला तुझ्याकडं चहा पिऊन आले म्हणे. तुझ्या नव्या घराचं आणि त्या चहाचं कौतुक त्यांनी आमच्या ओट्यावर बसून अर्धा तास ऐकवलं. मी दिलेला चहा न बोलता प्यायले.

निरोप असा की, "अक्का, घरामागं दोन गुंठे जागा मोकळी हाय. परस कसं लावायचं ते लिहून पाठवा. अत्ती अर्धं कानडीत सांगतात, मला समजत न्हाय." तुझं माहेर बीडकडचं, तुला सासूची कानडी कुठून समजणार! मलाही चार वर्षं लागली होती. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी एक बोलते, तू गप्प बसतेस, मग मी आणखी तीन बोलते. त्यापेक्षा कागद बरा.

आधी पोटातलं बाहेर काढते, मग परसाचं. अक्षयतृतीयेला अत्ती तुमच्या गाडीत बसल्या तेव्हा मी "सगळं घिऊन जावा, उंबरा तेवढा ठेवा" असं बोलले. भाऊजींना ते लागलं, हे मला समजलंय. पण मी ते मागं घेणार नाही. सव्वीस वर्षं त्या बियांच्या उतरंडीला मी शेणानं लिंपलं, राख चाळून घातली, कडुलिंबाचा पाला बदलला. पाच गाडगी. कोणत्या गाडग्यात काय, हे मी डोळे मिटून सांगेन. आणि जायच्या दिवशी अत्तींनी ती पाचही गाडगी एकामागून एक तुझ्या मांडीवर ठेवली. मला काय म्हणाल्या? "गिरिजा, तुला लागंल तसं मूठमूठ काढून घे." मूठमूठ! शेजारणीला देतात तसं.

का, तर तुझ्या हाताला गुण आहे. लग्न होऊन आलीस त्याच्या दुसऱ्या वर्षी अत्तींनी तुझ्या हातून मेथी पेरून घेतली. ती अशी तरारून आली की तेव्हापासून गल्लीभर एकच, "धाकटीच्या हाताला लई गुण हाय." त्या मेथीला रोज सकाळी पाणी कोण घालत होतं, हे कुणी विचारलं नाही. मी घालत होते. असो.

माझ्या वाट्याला जीभ आली. करोनात अत्तींच्या तोंडाची चव गेली ती परत आलीच नाही. तेव्हापासून दुधी, दोडका, काकडी, कशाचंही बी धरायचं तर चाखायचं काम माझं. वेलाचं पहिलं कोवळं फळ काढायचं, देठाकडची चकती कापायची आणि माझ्या जिभेला लावायची. मी गोड म्हणाले की अत्ती त्याच वेलावरच्या दुसऱ्या फळाला लाल चिंधी बांधणार. ते बियाला. हात तुझा आणि जीभ माझी, अशी त्यांनी वाटणी करून दिली. वाटणी वाईट नव्हती. पण ओट्यावर बसून जिभेचं कौतुक कुणी करत नाही.

बरं. आता परस.

तुझी जागा मुरमाची आहे असं गोरोबाभाऊ म्हणाले. तेव्हा मृगाच्या आधी दोन ट्रॉली काळी माती आणि मुरलेलं शेणखत टाकून घे. ताजं शेण टाकशील तर हुमणीची अळी होईल, मग रडत बसशील. न्हाणीचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथं अळू आणि एक केळ. मागच्या भिंतीला काठ्यांचा मांडव करून त्यावर दोडका आणि घेवडा सोड. मधली उन्हाची जागा वांगी आणि मिरचीला. वांगी दोन हातांवर, मिरची दीड हातावर. रोपं दाट लावायची तुझी खोड आहे, ती सोड. वांग्याच्या भोवतीनं झेंडू लाव. गवार आणि भेंडी भिंतीच्या सावलीत घालू नको. चुका, शेपू, मेथी एकदम सगळं पेरायचं नाही, दर पंधरा दिवसांनी एकेक ओळ, म्हणजे ताटात रोज काहीतरी हिरवं येतं. शेवगा घरापासून लांब, वाऱ्यानं फांदी मोडली तर पत्र्यावर नको. तिसऱ्या गाडग्यात तळाशी अंबाडी आहे, ती कुंपणाकडेनं टाक, अत्तींना अंबाडीची भाकरीबरोबरची भाजी लागते. चव कळत नाही तरी मागतात.

दुधी लावू नको. मुरमाड जमिनीत तो धरत नाही, नुसता वेल माजतो. शिवाय तीन माणसांच्या घराला दुधी लागणार तरी किती! दारात वेल असला की येणारंजाणारं नजर लावतं, ते वेगळंच.

अत्तींना दुपारी झोपू देऊ नको, मग संध्याकाळी त्यांना जेवण जात नाही. त्यांचं खोकल्याचं औषध भिंतीतल्या देवळीत राहिलंय, गोरोबाभाऊंकडं देते.

तुझी थोरली जाऊ,
गिरिजा

ता. क. लाल चिंधीच्या दुधीचं बी चौथ्या गाडग्यात वेगळ्या पुडीत आहे. तेवढं परत पाठव. मला लागणार आहे.

तेर,
ता. ९ जुलै २०२४

शिवप्रिया,

आशीर्वाद. पाऊस बरा आहे, सोयाबीन उगवून आलंय. ह्यांचा गुडघा आहे तसाच.

पुडी काही आली नाही. फोटो मात्र आले. समृद्धीच्या मोबाईलवर भाऊजींनी एका दिवसात अकरा फोटो पाठवले. समृद्धीनं प्रत्येकाला लाल बदाम टाकला आणि एकेक माझ्या नाकासमोर धरला. मी भाकरी थापत होते. "आई, काकूचं परस बघ की!" बघितलं बाई, सगळं बघितलं. मांडव काय, झेंडू काय, वांग्याची पानं तर हाताएवढी. मी लिहिलं तसं अंतर सोडून लावलंस, हे दिसलं. ते बघून बरं वाटायला हवं होतं. पण सगळी अक्कल माझी आणि पिकलं तुझ्या दारात, हेच डोक्यात आलं आणि तव्यावरची भाकरी करपली.

सगळ्यात वाईट फोटो अत्तींचा. मांडवाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून त्या हसत होत्या. सव्वीस वर्षांत मी त्यांना खुर्चीवर बसलेलं बघितलं नाही. "खुर्चीत बसाय मी काय पुढारी हाय?" म्हणायच्या. तुझ्याकडं बसल्या. दात नसलेलं तोंड उघडून हसल्या. इथं त्या कशा हसायच्या ते आठवायला गेले तर आठवेना. मी मोबाईल परत दिला आणि समृद्धीला उगीचच ओरडले.

माझ्या परसाचं विचारशील तर मिरचीला बोकड्या पडलाय, पानं सगळी आकसून गेली. वांग्यात अळी. गवार शेजाऱ्याच्या कोंबड्यांनी उकरली. मूठमूठ काढून घेतलेल्या बियाचं मूठभरच येणार. गोठ्याच्या पत्र्यावरचा दुधी तेवढा बरा आहे.

आता खरं ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. फाटकाशी तो दुधीचा वेल का लावलास? मी नको म्हणून लिहिलं होतं. वेलाच्या फोटोखाली तू लिहिलेली ओळ समृद्धीनं वाचून दाखवली, "अक्का नको म्हणाल्या हुत्या, पर अत्ती म्हणाल्या चिंधीचा दुधीच पैला लावायचा, दारात शुभ असतंय." आणि गोरोबाभाऊंनी न विचारता आणखी एक सांगितलं. त्यांच्यासमोर तू भाऊजींना म्हणालीस की अक्कांना आपला वेल बघवंना, म्हणून बी मागं मागतात.

बघवत नाहीच. लपवून काय करू? माझं पोट दुखतं तुझ्या वेलाकडं बघून. तुझ्या मांडवाकडं, तुझ्या खुर्चीकडं, त्या चहाकडंसुद्धा. वीस-वीस वेळा सांगून अत्ती माझं एक ऐकायच्या नाहीत आणि तुझ्याकडं दुपारी न झोपता बसतात. पण बी मागितलं त्याचं कारण ते नव्हतं. किंवा तेच होतं, पण तू समजतेस तसं नव्हतं. मला नीट लिहिता येत नाहीये.

भाऊजींना रक्तदाब निघाला आणि त्यांच्या शाळेतल्या कुणा शिक्षकानं त्यांना रोज सकाळी दुधीचा रस प्यायला सांगितलं, हेही समजलं. तुझा दुधी धरायची ते वाट बघतायत म्हणे. त्यांना माझ्या नावानं सांग, डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्या, रसाच्या नादाला लागू नका. दुधी कधी कधी कडू निघतो. वरून ओळखू येत नाही. कोवळा, हिरवा, लव असलेला, अगदी चांगल्यासारखा दिसतो. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दवाखान्यात गेलेली आहेत. तुझ्या दिरानं म्हणजे ह्यांनी पेपरात वाचलंय.

शिवप्रिया, तो वेल उपटून टाक. का ते विचारू नको. मी गोठ्यावरच्या वेलाचं बी देते, पुढच्या वर्षी लाव. एवढं एक माझं ऐक.

ह्यांना जेवायला वाढायचंय, थांबते.

गिरिजा

धाराशिव, एसटी स्टँड,
ता. ३० ऑगस्ट २०२४

प्रिय शिवप्रिया,

वाशीच्या गाडीला अजून सव्वा तास आहे. वही समृद्धीची आहे, मागची पानं फाडून लिहितेय. शेजारच्या बाईचं पोरगं कोपराला धक्का देतंय, म्हणून अक्षर असं.

तुझं पत्र परवा मिळालं. तुझं अक्षर मी पहिल्यांदाच बघितलं. एका घरात सहा वर्षं राहिलो आणि तुझं अक्षर कसं आहे ते मला माहीत नव्हतं.

तू लिहिलंस, "अक्का, पहिला दुधी काढण्याजोगा झालाय. यांना रस पाहिजे, रोज सकाळी फाटकाशी जाऊन बघतात. पण अत्तींनी सांगितलंय, थोरलीनं चाखल्याबिगर विळीला लावायचा न्हाय. माझ्या घरात जीभ तिचीच चालती. म्हणून तुम्ही या. एक दिवस या. मी गाडी पाठवली असती, पण तुम्ही बसणार न्हाय, हे ठाऊक हाय."

माझ्या घरात जीभ तिचीच चालती. ही ओळ मी चुलीपाशी उभी राहून किती वेळा वाचली ते सांगत नाही. अत्ती मला टाकून गेल्या असं मी तीन महिने धरून बसले होते आणि तिकडं त्यांनी एक दुधी माझ्यासाठी अडवून ठेवला होता.

पण पुढं तू आणखी लिहिलंस. अत्ती हसत हसत म्हणाल्या की बी थोरलीनं चाखलेलं हाय, ते गोडच असणार, आता कडू निघाला तर दोष धाकटीच्या हाताचा. त्या हसल्या, पण तुला हसू आलं नाही. का आलं नाही, तेही तू लिहिलंस. पाच वर्षांपूर्वी आपल्या गल्लीतलं संक्रांतीचं हळदीकुंकू. बायका ओटी भरत येत होत्या आणि तुझ्यापाशी आल्या की तबक पुढं सरकत होतं. तुला मूल नव्हतं, तुझ्या ओटीला हात लावायला त्यांना नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अत्तींनी तुझ्या ओंजळीत मेथीचे दाणे घातले आणि परसात नेऊन म्हणाल्या, "पेर. बघू कोण म्हणतंय हाताला गुण न्हाय." तू लिहिलंस, "तवापासनं मी त्यावरच उभी हाय, अक्का. हा वेल कडू निघाला तर लोक परत तेच म्हणतील. अत्तींच्या तोंडातनं ते ऐकलं तर मी काय करू?"

त्या हळदीकुंकवाला मी तुझ्या शेजारी बसले होते. तबक पुढं सरकताना मी बघितलं. बघितलं नाही असं केलं. आणि मग त्या मेथीचा पाच वर्षं राग धरला. पाणी मी घातलं म्हणून.

आता ऐक. लिहून टाकते, गाडीत बसल्यावर धीर होणार नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी परसात दुधीचे दोन वेल होते, एक गोठ्याच्या पत्र्यावर आणि एक न्हाणीपाशी. अत्तींनी दोन्हीचं पहिलं फळ काढलं. मी चकत्या कापल्या. गोठ्यावरचा गोड होता. तेवढ्यात अत्ती म्हणाल्या, "यंदाचं बी धाकटीला. ती नव्या घरात जायली, तिच्या हातानं दारात वेल चढू दे. बी तिच्याकडंच ऱ्हाऊ दे म्होरं, सगळंच." सगळंच. म्हणजे उतरंड कुणाकडं जाणार ते मला अक्षयतृतीयेला नाही, त्या दिवशीच समजलं होतं. हातात न्हाणीच्या वेलाची चकती होती. जिभेला लावली. कडूजहर. इतकी कडू की कानापर्यंत झिणझिण्या गेल्या.

अत्तींनी विचारलं, "कशी हाय गं?"

मी म्हणाले, "गोड हाय. हीच ठेवा बियाला. गोठ्यावरच्यापेक्षा चांगली हाय."

एवढंच केलं. हातानं काही केलं नाही. अत्तींनी स्वतः जाऊन न्हाणीच्या वेलावरच्या दुसऱ्या फळाला चिंधी बांधली आणि मी मोरीत जाऊन चार वेळा चूळ भरली. त्या वेलाची बाकीची फळं मी किडकी निघाली म्हणून कुंपणाबाहेर टाकली. शेळीनं वास घेतला आणि सोडून गेली. चिंधीचं फळ मात्र वाळेपर्यंत तुळईला टांगलेलं होतं. येता-जाता दिसायचं. तू तेव्हा सामान बांधत होतीस आणि त्याच्याकडं बघून म्हणालीस, "अक्का, किती छान धरलाय ओ." मी हो म्हणाले.

तुझा वेल कडू निघावा, चार बायकांत तुझी फजिती व्हावी, अत्तींनी म्हणावं की धाकटीच्या हाताचं काही खरं नाही आणि माझ्याकडं परत यावं. एवढंच डोक्यात होतं. कुणी तो खाईल, रस करून पिईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही, हे खरं आहे. पण यायला हवं होतं. मेमध्ये आलं, म्हणून बी मागितलं. ते तुला जळकेपणा वाटलं. तुझी चूक नाही, मी आजवर तुझ्याशी जळकेपणाशिवाय दुसरं काय बोलले? जुलैत उपट म्हणून लिहिलं, तेही तसंच वाटलं. खरं कारण लिहिलं असतं तर तू त्याच दिवशी उपटला असतास. मी पेपरातल्या बातम्या लिहीत बसले.

आता सर्वांत वाईट सांगते. हे आजचं आहे.

सकाळी तेरहून निघाले तेव्हा हे पत्र लिहायचं मनात नव्हतं. मी ठरवलं होतं की वाशीला यायचं, हातपाय धुवायचे, अत्तींनी दिलेली चकती जिभेला लावायची आणि थुंकून म्हणायचं, "कडू हाय! कुणी खाऊ नका." भाऊजी वाचले असते. सगळे म्हणाले असते, थोरली होती म्हणून. अत्तींनी तुझ्या हाताकडं बघितलं असतं. तू खाली मान घातली असतीस. आणि मला कुणी काही विचारलं नसतं, कारण माझ्या जिभेवर अत्तींचा विश्वास आहे. तेर ते धाराशिव मी हे सगळं मनात रंगवत आले, शिवप्रिया. मला बरं वाटत होतं. खिडकीशी बसून मी हसत होते.

स्टँडवर उतरले आणि पाणी प्यायला पिशवीत हात घातला तर तुझं पत्र हाताला लागलं. पुन्हा वाचलं. "अत्तींच्या तोंडातनं ते ऐकलं तर मी काय करू?" मी जे मनात रंगवत आले होते ते तू भीतीनं लिहून ठेवलं होतंस, शब्दाला शब्द. मग ती वाशीची पहिली गाडी मी सोडली.

आता गाडीत आहे. येडशी गेली, येरमाळा आला. अक्षर आणखी बिघडणार.

तुझ्या फाटकाशी आल्यावर मी तोंडानं काही सांगू शकणार नाही. तू "या अक्का" म्हणशील आणि मी पुन्हा खोटं बोलेन, माझा मला भरवसा नाही. म्हणून हे पत्र तुझ्या हातात देईन आणि बाहेर पायरीवर बसेन. तू आत जाऊन वाच. मग अत्तींना वाचून दाखव. सगळं वाच, मध्ये काही गाळू नको, माझी दया आली म्हणूनसुद्धा नको. त्यांना म्हणावं, वेलात दोष नाही, धाकटीच्या हातात दोष नाही. तुझ्या हातानं कडू बीसुद्धा मांडवापर्यंत चढलं, माझ्या हातानं चांगली मिरची लावली तरी बोकड्या पडतो. हे मी जळूनच लिहितेय. एका पत्रात सगळं कसं जाईल?

भाऊजींना वाचायला देशील तर दे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते चौथीत होते, त्यांचे डबे मी भरलेत. त्यांच्यासमोर मला तोंड वर करता येणार नाही.

माझ्या पिशवीत एक कोवळा दुधी आहे, गोठ्यावरच्या वेलाचा. त्याच वेलावर दुसऱ्या एका फळाला मी कालच लाल चिंधी बांधली, तू गोड म्हणालीस की ते बी तुझं. पिशवीतला दुधी मी सकाळी चाखला नाही. मुद्दाम चाखला नाही. तू चाख. देठाकडची बोटभर जाडीची चकती काप, साल काढू नको. जिभेच्या टोकाला लाव, गिळू नको, थोडा वेळ थांब आणि थुंकून टाक. कडू असेल तर लगेच समजतं, विचार करावा लागत नाही. मग तुझ्या वेलाचाही तसाच चाख, म्हणजे दोन्हीतला फरक जिभेला कायमचा समजेल. आणि तो वेल मुळापासून काढ, फळं पुरून टाक, गुरांना घालू नको. इथून पुढं बियाचं चाखायचं काम तुझं. हात तुझा होताच. अत्तींना सांग, जीभही मी दिली.

आत बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तरी राग नाही, तीनची गाडी आहे, गोठ्यातली धार काढायला वेळेवर पोहोचेन. पिशवी पायरीवर ठेवून जाईन. अत्तींच्या खोकल्याच्या औषधाची नवी बाटलीही त्यातच आहे.

तेरखेडा मागं पडला. आता वाशीच.

गोड म्हणाली होती ती,
गिरिजा